मालिनीसाठी खालचं बाथरूम

दिगंबर सबनीस अमेरिकेत, नोव्हायमध्ये मोटारींच्या कंपनीत नोकरी करून २००४ साली रिटायर झाले, आणि त्याच हिवाळ्यात त्यांच्या बायकोची, मालिनीताईंची, उजवी बाजू लुळी पडली. टाउनहाउसमध्ये बाथरूम वरच्या मजल्यावर. त्यांना जिन्यावरून चढवता-उतरवता दिगंबररावांचा ऊर धपापायचा. म्हणून खालीच बाथरूम काढायचं ठरलं. पाइप मात्र शेजाऱ्यांशी सामाईक असलेल्या भिंतीतून न्यावे लागणार होते.

भिंतीपलीकडे चारुदत्त आणि रेखा, तिशीतलं जोडपं. दिगंबरराव आधी स्वतः जाऊन सांगून आले. काम फक्त दिवसा होईल, धूळ येऊ देणार नाही.

"काका, त्यात विचारायचं काय? बिनधास्त करा," चारुदत्त म्हणाला.

भिंत उघडली आणि लगेच तिथल्या घरमालकांच्या असोसिएशनने काम थांबवलं. तक्रार चारुदत्तचीच होती. दिगंबरराव पुन्हा गेले तेव्हा त्याने दारातूनच सांगितलं, "घर विकायचंय, काका. बायर्स येतात. नथिंग पर्सनल."

मालिनीताईंची खाट हॉलमध्ये, त्या उघड्या भिंतीशी होती. पलीकडचं सगळं ऐकू यायचं. एका दुपारी रेखा फोनवर आईशी बोलत होती, "अगं, म्हातारी किती दिवसांची सोबती? तिच्यासाठी आमची भिंत फोडतायत! एखाद्या ओल्ड-एज होममध्ये टाकून मोकळं व्हावं ना."

दिगंबररावांनी धावत जाऊन टीव्ही मोठा केला.

"बंद करा तो," मालिनीताई अडखळत म्हणाल्या. "ऐकलंय मी."

पुढे असोसिएशनची परवानगी आली. पण मालिनीताई हटून बसल्या. "मला होममध्येच ठेवा." दिगंबरराव चिडले, रडले, शेवटी तयार झाले. आजारात मालिनीताईंचं इंग्रजी पुसलं गेलं होतं. होममध्ये त्यांनी पाणी मागितलं तरी कुणाला कळायचं नाही. उन्हाळा लागायच्या आत त्या गेल्या.

रेखा पिठलं-भात घेऊन भेटायला आली. "सुटल्या हो काकू," म्हणाली. मग भिंतीकडे बघत, "काका, हे आता बुजवून घ्या ना. बायर्स विचारतात."

दिगंबररावांनी तिचं फोनवरचं बोलणं तिला जसंच्या तसं ऐकवलं.

रेखाचा चेहरा लाल झाला. ती उठली.

"आम्ही आमच्या घरात बोलत होतो, काका."

दिगंबररावांनी भिंत बुजवून घेतली. शेजारचं घर चांगल्या भावाला गेलं.