तीस किलोमीटरवरची कात्री

लांब पल्ल्याच्या शर्यतीत सगळ्यांच्या मागे एक माणूस ठेवतात. त्याला स्वीपर म्हणतात. शेवटच्या धावणाऱ्याच्या मागं राहायचं, त्याला ओलांडायचं नाही, आणि तो ठरलेल्या वेळेत ठरलेल्या ठिकाणी पोचला नाही तर त्याच्या छातीवरच्या नंबराचा कोपरा कात्रीनं कापायचा. कोपरा कापला की शर्यत संपली. मग तिथंच उभ्या असलेल्या टेम्पोत बसायचं आणि केळं खायचं. वेल्ह्याच्या शर्यतीत ही कात्री माझ्याकडं आली. संयोजक म्हणाले, "तुम्ही कुणाला दयामाया दाखवणार नाही." मला ते कौतुक वाटलं. भोरात माझं रंगाचं दुकान आहे आणि मी उधारी देत नाही, त्यावरून त्यांनी ताडलं असावं.

शेवटचा धावणारा कोण असणार, हे मला आधीच ठाऊक होतं. माझे शाळेतले पीटीचे सर. वय अडुसष्ट. उजव्या गुडघ्याची वाटी झिजलेली, महिन्याभरात ऑपरेशन ठरलेलं. त्यानंतर चालता येईल, पण पळणं कायमचं बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सरांना त्याआधी एक तरी पूर्ण मॅरेथॉन हवी होती. आदल्या वर्षी ते तीस किलोमीटरवरच बाद झाले होते. "एक मेडल पायजे रे. आयुष्यभर पोरांच्या गळ्यात घातली, माझ्या गळ्यात एक न्हाई," असं ते हसत म्हणायचे, पण हसणं डोळ्यांपर्यंत पोचत नसे.

मला पळायला त्यांनीच शिकवलं. चाळिशीत साखर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि उत्रोलीच्या रस्त्यावर एका सकाळी सर भेटले. त्यांनी मला ओळखलं नाही. शाळेत होतो म्हटल्यावर "असशील, असशील" म्हणाले आणि सोबत घेऊन पळायला लागले. श्वास कसा घ्यायचा, उतारावर पावलं बारीक कशी टाकायची, बुटाची नाडी कुठं सैल ठेवायची, सगळं त्यांनी शिकवलं. तीन वर्षांत माझं अठरा किलो वजन उतरलं. ते माझ्याशी फार प्रेमानं वागले, हे मला लिहायलाच हवं.

पण एका रविवारी पळून झाल्यावर चहाच्या टपरीवर सरांनी एक गोष्ट सांगितली. आम्ही सात-आठ जण होतो. "माझ्या वर्गात एक म्हस होती," सर म्हणाले. "लई जाडं पोरगं. दप्तर पाठीवर देऊन ग्राउंडला दहा चकरा मारायला लावल्या. आठव्या चकरेला चड्डीतच मुतलं. सगळी शाळा खिडक्यांत. अजून आठवलं की हसू येतं." सगळे खो खो हसले. मीही हसलो, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसलो. ती म्हैस मी होतो. पुढं शाळा सुटेपर्यंत मी एकदाही डबा वर्गात बसून खाल्ला नाही, संडासामागं उभा राहून खाल्ला. सर ते विसरले असते तर मी माफ केलं असतं. त्यांना सगळं आठवत होतं, फक्त मी आठवत नव्हतो.

शर्यत सहाला सुटायची होती. पाहुणे झेंडा दाखवायला वीस मिनिटं उशिरा आले, तोवर आम्ही थंडीत कुडकुडत उभे. साडेदहाला तीस किलोमीटरची खूण गाठायची, हे मात्र तसंच ठेवलं होतं. पाबे घाटाचा चढ लागला तसे सर मागं पडले आणि बाविसाव्या किलोमीटरपासून आम्ही दोघंच उरलो. ते पुढं, मी पन्नास पावलं मागं. रस्त्याकडेला शेरडं घेऊन बसलेली एक बाई मला म्हणाली, "अवो, म्हाताऱ्याला कशापाई पळवताय? त्याचा पाय बगा की कसा पडतुया!" मी म्हटलं, "त्यांनाच हौस आहे, मावशी."

घाटमाथ्यावर रेंज आली आणि मोबाईल थरथरला. संयोजकांचा मेसेज होता. सुरुवात उशिरा झाल्यामुळं सगळ्या ठिकाणची वेळ वीस मिनिटांनी वाढवली आहे, धावणाऱ्यांना कळवा. मी तो दोनदा वाचला. समोर सर गुडघ्यावर हात ठेवून वाकले होते. त्यांनी मागं वळून विचारलं, "किती वाजले रे? गाठू का साडेदहाची?"

मी मोबाईल खिशात घातला. "पळालात तर गाठाल," म्हणालो.

आता खाली सहा किलोमीटर उतार होता. दहा पन्नासपर्यंत वेळ होती. गुडघा सांभाळत, भराभर चालत गेले असते तरी चाललं असतं. पण सर पळाले. उतारावर दुखऱ्या गुडघ्यानं पळणं म्हणजे काय, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. प्रत्येक पावलाला त्यांच्या तोंडून बारीक आवाज निघत होता. एका वळणावर ते संरक्षक कठड्याला धरून उभे राहिले, मांडीवर बुक्क्या मारल्या आणि पुन्हा सुटले. मला थांबवता आलं असतं. मी मोजत होतो. कितवी चक्कर चालू आहे, असं मनात म्हणत होतो, आणि मला बरं वाटत होतं. अगदी बरं वाटत होतं.

खुणेच्या कमानीपाशी पोचलो तेव्हा दहा सदतीस झाले होते. तिथं पाण्याचे रिकामे ड्रम आणि टेम्पो, एवढंच होतं. सर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी काही विनवणी केली नाही. घामानं भिजलेला नंबर दोन्ही हातांनी ताणून धरला, म्हणजे मला कापायला सोपं जावं. मी कोपरा कापला. नीट, सरळ कापला.

टेम्पोत चढताना त्यांचा पाय उचलेना. ड्रायव्हरनं हात दिला आणि नंबर पाहून म्हणाला, "ह्यो का कापला? टाईम वाडवलाय की वीस मिनटं. मगाशीच मेसेज आलाय समद्यांना."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी कात्री खिशात कोंबत होतो.

"त्याला रेंज नसंल," सर ड्रायव्हरला म्हणाले. "घाटात कुठं असती रेंज?"

"व्हय," मी म्हणालो. "नव्हती रेंज."

वेल्ह्याच्या मैदानावर संयोजकांना हा घोटाळा कळला तेव्हा ते ओशाळले. एक जण मेडल घेऊनच आला. "सर, चूक आमची आहे, हे घ्या." सरांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि परत दिलं. "राहू द्या. माझे बारा किलोमीटर राहिलेत," म्हणाले.

मग ते मांडवातल्या एका खुर्चीत बसले. गुडघा सुजून टम्म झाला होता, त्यांना वाकता येईना. मी खाली बसून त्यांच्या बुटाची नाडी सोडायला लागलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तू मागं होतास म्हणून तीसपर्यंत तरी आलो," ते म्हणाले. "एकटा असतो तर माथ्यावरच बसलो असतो."

मी मान वर केली नाही. एक बूट काढून बाजूला ठेवला आणि दुसऱ्याची नाडी सोडायला घेतली.