शुक्रवारची सहाची पाळी

फिनलंडमधल्या क्वोपियो शहराच्या कचेरीत रेयोच्या जिभेला सगळे टरकून असायचे. कुणी प्रोग्रामच्या पोटात एखादा आकडा कायमचा लिहून ठेवला, की हा गरजलाच, "आकडे गाडू नका रे! सेटिंगमध्ये ठेवा, कुणालाही बदलता येतील असे. उद्या उकरायला काय तुमच्या आज्याला बोलावू?"

निवृत्त झाल्यावर त्यानं आपल्या इमारतीच्या सॉनाचा, म्हणजे वाफेच्या सामायिक न्हाणीघराचा, प्रोग्राम लिहून दिला. तळघरात सॉना एकच, घरटी आठवड्याला एक पाळी. वेळ झाली की भट्टी आपोआप तापायची आणि ज्याची पाळी त्याच्याच किल्लीनं दार उघडायचं. सगळ्यांच्या वेळा सेटिंगमध्ये. फक्त शुक्रवार, संध्याकाळी सहा, रेयो आणि आउने, एवढं त्यानं गुपचूप प्रोग्रामातच गाडलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

आउने गेली, त्याला आता दुसरा हिवाळा. पाठ चोळायला बायको नाही, म्हणून रेयो खाली उतरेना. भट्टी मात्र दर शुक्रवारी रिकामीच तापायची. जिन्यात कुजबुज चालू झाली, म्हातारा भुताला न्हाऊ घालतो म्हणे!

अखेर एका शुक्रवारी संध्याकाळी सोसायटीची अध्यक्ष तूलिक्की दारात उभी राहिली.

"काय रे, वरच्या साइलाला शुक्रवार हवाय. लेकुरवाळी बाई ती. मी सगळी सेटिंग पालथी घातली, तुझी पाळी कुठं दिसेचना!"

"ती बदलता येत नाही."

"का? प्रोग्राम काय तुझ्या सासूनं लिहिला?"

तूलिक्की बूट काढून आत आली, खिडकीजवळच्या खुर्चीपाशी पोचली आणि तिची बडबड थांबली. पायाखालची जमीन उबदार होती. सॉना बरोबर खाली.

"आउने इथं बसून केस वाळवायची," रेयो म्हणाला. "शुक्रवारी."

तूलिक्की म्हणाली, "अरे वेड्या, खाली कुणी का न्हाईना, जमीन तुझीच तापणार ना?"

ती गेल्यावर त्यानं ती ओळ उकरून काढली. सेटिंगमध्ये शुक्रवार सहासमोर साइलाचं नाव घातलं.

पुढच्या शुक्रवारी खालून पोरांचा कालवा ऐकू आला. मग दोन हिवाळे दर शुक्रवारी कोरड्याच तापलेल्या भट्टीतल्या दगडांवर पाणी पडल्याचा चर्र आवाज. रेयोनं मोजे काढले आणि आउनेच्या खुर्चीसमोर, खुर्चीत नव्हे, उबदार जमिनीवर तो बसून राहिला.