रफू केलेला कान

मेलेल्या जनावराचं कातडं उतरवायला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो त्याला मीठ लावायला. कानाच्या पाळीत, ओठांच्या आतल्या कडेला, बोटांच्या बेचक्यांत, जिथं म्हणून ओल दडून बसते तिथं चिमटीचिमटीनं मीठ पोचवावं लागतं. एखादी जागा राहिली की चार दिवसांनी तिथले केस मुठीनं हातात येतात. ज्यांची ही गोष्ट आहे त्यांच्या हातून चाळीस वर्षांत अशी एकही जागा राहिली नव्हती. राहिलं ते भलतंच, आणि ते सांगताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

गाव त्यांना पेंढेवाले म्हणायचं. त्यांना ते नाव मनापासून नावडायचं. "पेंढा गुरं खातात," ते म्हणायचे, "मी अंग बांधतो." आणि ते खरंच होतं. संग्रहालयाच्या मागच्या बाजूला, जिन्याखालून वाकून गेलं की त्यांची खोली लागायची. उत्तरेकडची एकच खिडकी. लांबलचक टेबल, त्याच्या कडेला सुया टोचून टोचून लाकूड चाळणीसारखं झालेलं. आधी मधोमध एक फळी, तिला लोखंडी सळ्यांचे पाय. त्यावर लाकडाचा बारीक कीस सुतळीनं आवळत आवळत छाती, पोट, मांड्या भरायच्या. शिरा आणि स्नायू वरून ओल्या मातीनं काढायचे. मग या अंगावर कातडं चढवायचं, एखाद्याला कोट घालावा तसं. भिंतीवरच्या उथळ कप्प्यांच्या कपाटात काचेचे डोळे. लांडग्याचे, घुबडाचे, हरणाचे. कप्पा ओढला की पन्नास डोळे एकदम बघायचे आणि नवा माणूस दचकून मागं सरायचा. तसा तो सरला की पेंढेवाल्यांना बरं वाटायचं.

त्यांचा वस्ताद जाताना त्यांना एकच गोष्ट बजावून गेला होता. घरच्या जनावराला हात लावायचा नाही. रानातला लांडगा जिवंतपणी कोणी नीट पाहिलेला नसतो, आपण दाखवू तो लांडगा. घरच्या कुत्र्याला मात्र घर ओळखतं. पेंढेवाल्यांनी हे चाळीस वर्षं पाळलं. कितीजण रडत आले, कितीजण चिडून गेले. ते कुणालाच बधले नाहीत.

मग एका सकाळी त्यांची थोरली बहीण आली. दूधवाल्याच्या गाडीतून उतरली, आणि दूधवाल्यानं चादरीत गुंडाळलेलं काहीतरी तिच्या मागोमाग आणून टेबलावर ठेवलं.

"साहेब गेले," ताई म्हणाली.

साहेब म्हणजे तिचा कुत्रा. साधा तपकिरी, कुठल्या जातीचा ते त्यालाही ठाऊक नसावं. अकरा वर्षांपूर्वी आपणहून येऊन दारात बसला आणि उठलाच नाही. कामधाम काही न करता नुसता दारात बसतो म्हणून ताईनं त्याला साहेब करून टाकलं. "साहेब जेवले का?" "साहेबांना जरा सरकायला सांगा." सारी गल्ली त्याला असं अहोजाहो करायची.

"ताई, मी पाळलेली करत नाही. तुला माहितीये."

"मी तुला पाळलं तेव्हा असलं काही म्हटलं होतं का?"

आई गेली तेव्हा ते सहा वर्षांचे होते आणि ताई सोळाची. ताई रफू करायची. जळलेले कोट, उंदरानं कुरतडलेल्या शाली, सायकलच्या साखळीत फाटलेल्या पँटी, सारं तिच्याकडं यायचं आणि परत जाताना भोक कुठं होतं ते मालकालाही सापडायचं नाही. त्याच सुईवर तिनं धाकट्या भावाला वाढवलं, आणि तीच सुई त्याच्या हातात दिली. पेंढेवाल्यांच्या ज्या टाक्याचं बाहेरगावचे जाणकार कौतुक करायचे, तो टाका मुळात ताईचा.

"दार उघडलं की मोकळं दिसतं रे, छोट्या," ती म्हणाली. साठी ओलांडलेल्या माणसाला छोट्या म्हणणारं जगात तेवढं एकच तोंड उरलं होतं. "मला तो दारात हवाय. बाकी काही नको."

त्यांनी हो म्हटलं. आणि तिथंच, त्या टेबलाशी, त्यांनी तिला एक प्रश्न विचारायला हवा होता. तो बसायचा कसा? त्यांनी विचारला नाही. का नाही विचारला, हे सांगताना ते बराच वेळ चहाच्या कपाचा कान चोळत राहिले. विचारलं असतं तर अकरा वर्षांत आपण त्या कुत्र्याकडं एकदाही पाहिलेलं नाही हे ताईला कळलं असतं. ते वर्षातून दोनदा तिच्याकडं जायचे. खुर्चीच्या कडेवर बसायचे, घड्याळाकडं बघायचे. त्यांच्या हातांना कातड्याचा वास यायचा म्हणून एरवीची कुत्री त्यांच्यावर गुरगुरायची. हा एकटा यायचा आणि त्यांच्या पायावर हनुवटी टेकायचा. ते पाय काढून घ्यायचे. चपलेला केस लागतात म्हणून.

त्यांनी मापं मात्र घेतली. नाकापासून डोळ्यापर्यंत, खांद्यापासून कोपरापर्यंत, शेपटीचा घेर. सगळं कार्डावर लिहिलं. डाव्या कानाच्या कडेला एक खाच होती, अंगठ्याएवढी. संग्रहालयात छर्ऱ्याचं भोक असो की कुंपणाच्या तारेची चीर, कातड्यातला दोष बुजवायचा असतो. हात आपोआप चालला. त्यांनी खाचेच्या दोन्ही कडा किंचित कापून ताज्या केल्या, एकमेकींना लावल्या आणि ताईच्या टाक्यानं शिवून टाकल्या. आतून पातळ पत्रा घालून कान ताठ उभा केला. डोळे पाहिले तर दोन्ही दुधाळ. मेल्यावर कुठल्याही जनावराचे डोळे असेच होतात, म्हणून त्याचा विचार करायचा नसतो. त्यांनी कपाटातली सर्वांत चांगली जोडी काढली. मधाच्या रंगाची, खोल, चमकदार.

दोन महिन्यांनी टेबलावर एक कुत्रा उभा होता. छाती पुढं, मान वर, दोन्ही कान टवकारलेले, एक पाय किंचित उचललेला, जणू दूर कुठं काही हाललंय. संग्रहालयाचे लोक बघायला आले. तिकीट फाडणारा दारातूनच म्हणाला, "आधी सांगा, बांधलाय ना?" सगळे हसले. पेंढेवाले त्या दिवशी दोनदा जेवले असते तरी त्यांना कळलं नसतं.

ताईकडं त्यांनी तो स्वतः नेला. ताईनं हात पुसले, मागं सरून पाहिलं, पुढं येऊन पाहिलं. शेजारीण तर टाळ्याच वाजवू लागली. ताई म्हणाली, "हात आहे हो तुझा." पुन्हा म्हणाली, "हात आहे." कुत्र्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. पेंढेवाल्यांनी स्तुती तेवढी खिशात घातली आणि बस पकडली.

पुढं संग्रहालयाची एक पुस्तिका निघायची ठरली. त्यात हा कुत्रा हवा असं साहजिकच त्यांच्या मनात आलं. संग्रहालयाचा कॅमेरा गळ्यात अडकवून, न कळवता ते ताईच्या गल्लीत शिरले. दार उघडं होतं. उंबऱ्याच्या आत घडी केलेलं जुनं पोतं, मधोमध खोलगट झालेलं. पोत्यावर कोणी नव्हतं.

ताई गडबडली. "अरे, ऊन लागतं ना इथं. रंग उडेल म्हणून आत ठेवलाय."

शेजारीण कट्ट्यावर भाजी निवडत होती. तिच्या पोटात काही राहत नसे. "आत म्हणजे मागच्या खोलीत, चादरीखाली. ताई म्हणतात, पाहुण्याला दारात कसं बसवायचं?"

"तू तुझी भाजी निवड गं," ताई म्हणाली.

पेंढेवाले मागच्या खोलीत गेले. शिवणयंत्राच्या बाजूला, भिंतीकडं तोंड करून, चादर पांघरून त्यांचं सर्वांत चांगलं काम उभं होतं. चादरीतून दोन टोकं वर आली होती. ते टवकारलेले कान.

"रागावू नकोस," ताई मागून म्हणाली. सत्तरी पार केलेली बाई, काच फोडलेल्या पोरीसारखी दारात उभी. "काम चांगलंच आहे. सगळे म्हणतात. पण हा कोण आहे ते मला कळत नाही रे. मी याला साहेब म्हणून बघते आणि हा माझ्याकडं बघतच नाही. कुठं लांब बघतो."

तिनं चादर काढली आणि डाव्या कानाची कड अंगठा आणि बोटात धरली. वरून खाली, खालून वर. तिची बोटं काहीतरी शोधत होती. "इथं खाच होती. संध्याकाळी दारात बसले की माझा अंगठा इथं बसायचा. अकरा वर्षं. आता तो घसरतो." तिनं पुन्हा चाचपलं. आयुष्यभर रफू करत आलेल्या बोटांना शेवटी टाका लागला. "माझाच टाका आहे," ती म्हणाली. "मलासुद्धा सापडत नव्हता."

आयुष्यात कुणी त्यांच्या टाक्याची एवढी मोठी तारीफ केली नव्हती, आणि ऐकून जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, असं ते म्हणाले.

"आणि डोळे? ते तरी बरोबर आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"डाव्यानं दिसत नव्हतं त्याला. चार वर्षं मोतीबिंदू होता. म्हणून ती बाजू माझ्या पायाला घासत चालायचा. तू आलास की तुझ्या पायावर हनुवटी ठेवायचा ना, ते तरी काय? त्याला कळायचं नाही कोण आलंय. टेकून बघायचा."

कॅमेरा त्यांच्या गळ्यात लोंबत होता. तो काढून त्यांनी शिवणयंत्रावर ठेवला आणि बाहेर येऊन पोत्याशेजारी जमिनीवर बसले. खिशातून मापांचं कार्ड काढलं, उलटं केलं. मागची बाजू कोरी होती.

"सांग, कसा बसायचा?"

"आता विचारतोस होय?" ती म्हणाली. मग तिनं पदर खोचला, भिंतीला धरून खाली बसली, आणि पोत्यावर आडवी झाली. दोन्ही हात पुढं, हातांवर हनुवटी, एक कोपर बाहेर. शेजारीण भाजी टाकून धावली. "अगं बाई, ताईंना चक्कर आली!"

"चक्कर नाही, साहेब आलेत," ताई पोत्यावरून म्हणाली. "गप्प बस, त्याला काढू दे."

ते काढत होते. चाळीस वर्षांत त्यांच्यासमोर जिवंत नमुना पहिल्यांदा होता. पेन्सिल हातांपाशी आली तेव्हा त्यांना दिसलं की ताईच्या अंगठ्याचं पेर सुजून गाठीसारखं झालंय आणि अंगठा आत वळलाय. हे केव्हापासून, एवढं विचारायचं होतं. विचारायलाही तोंड राहिलं नव्हतं.

कुत्रा परत जिन्याखालच्या खोलीत आला. ओल्या फडक्यांत गुंडाळून आठ दिवस कातडं सैल केलं, शिवण उसवली, जुनं अंग मोडलं. तिकीटवाला हळहळला. "एवढं झक्क होतं, बिघडवलंत की हो!" पेंढेवाले सुतळी आवळत राहिले. नवं अंग आडवं बांधलं, पाठीचा कणा म्हाताऱ्यासारखा थोडा बाकदार. काचेच्या एका डोळ्यामागं पांढरा आणि निळसर रंग इतका पातळ दिला की दूध पाण्यात विरघळावं तसा दिसला. एकदा सुकून आवळलेलं कातडं मानेपाशी पुरेना, शिवण दिसत राहिली. ती त्यांनी लपवली नाही.

कान शेवटी घेतला. एकेक टाका कापत गेले. पण कडा ताज्या करताना कापलेली ती दोन नखभर कातडी केव्हाच केरात गेली होती. खाच उघडली ती मोठी आणि फाकलेली. मेण लावलं, केस चिकटवून पाहिले, पुन्हा काढले. जे आपण कापून टाकलं ते आपल्याला बनवता येत नाही, हे त्यांना त्या टेबलाशी कळलं, आणि त्यांनी हात खाली ठेवले.

ताईच्या दारात पोत्याच्या खोलगट जागी कुत्रा बसला तेव्हा ताईनं भिंतीला हात टेकला. खाली बसली. त्याच्या पाठीवरून हात फिरवत कानापाशी आणला आणि अंगठा खाचेत ठेवला. पेंढेवाले जमिनीकडं बघत उभे होते.

"थोडी मोठी झाली," ती म्हणाली.

"हो. माझ्याकडून कापली गेली."

ती अंगठा हलवत राहिली, पलंगावर कूस बदलून जागा करावी तसा. "राहू दे," ती म्हणाली. "अंगठा तरी माझा पूर्वीचा कुठं राहिलाय." आणि चहा टाकायला आत गेली.

ते दारात एकटे राहिले. शेजारणीच्या कट्ट्यावर कुणी नव्हतं. त्यांनी चपलेतून उजवा पाय काढला, हळूच पुढं सरकवला आणि त्या हनुवटीला टेकवला. मग कुणी बघितलं तर नाही ना म्हणून गल्लीत दोन्हीकडं पाहिलं.