तारण कशाचं, सुंदराबाईनं विचारलं

सुंदराबाईनं हातातली सलाईनची सुई उपटून फेकली तेव्हा रक्ताचे दोन थेंब माझ्या चादरीवर पडले. आमच्या खाटा इतक्या जवळ होत्या. डॉक्टरबाई एका हातात ऑपरेशनच्या संमतीचा कागद आणि दुसऱ्या हातात शाईची डबी घेऊन उभी होती. माझ्या नातीएवढी पोर, पण चौथ्यांदा तेच सांगताना आवाज चढवला नाही. "आजी, पाय काळा पडलाय. आज काढला नाही तर विष रक्तात चढेल. मग आमच्या हातात काही राहणार नाही." सुंदराबाईनं दोन्ही मुठी आवळल्या, अंगठे आत दाबले आणि मुठी काखेत घातल्या. "नगं म्हणले ना येकदा. पायासकट आले, पायासकट जाईन." तिची सून रेखा दाराशी थर्मास छातीला धरून उभी होती. रेखाचा नवरा मेंढरं घेऊन लांब रानात होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. डॉक्टरबाई म्हणाली, दोन तासांनी परत येते, त्याहून जास्त थांबता येणार नाही. सिस्टरनं सुंदराबाईच्या हातावर कापूस चिकटवला आणि तीही गेली.

मी भिंतीकडे तोंड फिरवलं. हे लपवत नाही. माझं हर्नियाचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस होता, टाके ओढत होते, तेवढं निमित्त पुरलं. उशीखाली माझा नवा करार होता, बायबलचं छोटं पुस्तक. तोही मी ओढणीत गुंडाळून ठेवला होता, कुणी बघू नये म्हणून.

मी जन्मानं ख्रिस्ती आहे. आजोबांच्या वेळेपासून आमचं घर ख्रिस्ती. मी चौथीपर्यंत शिकले, लष्कराच्या छावणीत संसार केला, एका शाळेत आया म्हणून तीस वर्षं पोरांची नाकं पुसली. रविवार चुकवला नाही. पण दुसऱ्याला देवाविषयी एक शब्द सांगितला असेल तर शपथ. एकदाच प्रयत्न केला होता, तरुणपणी, नळावर. एक बाई रडत होती, तिला म्हणाले, प्रभूवर भार टाक. बाकीच्या हसल्या. "घ्या, आता ही आपल्याला बाटवायला निघाली. आधी तुझी घागर तर भर." मी घागर भरली आणि तोंड मिटलं ते कायमचं. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळकसाहेब म्हणायचे, बहिणींनो, साक्ष द्या, प्रभूनं तुमच्यासाठी काय केलं ते सांगा. माझा घसा नेमका तेव्हाच बसायचा.

तारण मात्र माझं झालं होतं. तेही सांगते. माझ्या धाकट्या बहिणीशी मी नऊ वर्षं बोलले नाही. आईच्या शिवणयंत्रावरून. यंत्र तिनं नेलं, मी अबोला धरला. ती आजारी पडली तेव्हा निरोप आला, मी म्हणाले पुढच्या आठवड्यात जाईन. पुढचा आठवडा तिला मिळाला नाही. त्यानंतर मी जेवण टाकलं. प्रभुभोजनाच्या रविवारी, येशूच्या आठवणीची भाकर सगळे मिळून खातात तेव्हा, भाकरीचं ताट बाकावरून पुढं सरकत आलं आणि माझा हात उठला नाही. मी ताट तसंच पुढं दिलं. शेजारी कुठल्याशा खेड्यातून आलेली एक बाई बसली होती. मी तिला आधी पाहिलं नव्हतं, नंतरही कधी दिसली नाही. तिनं आपला तुकडा मोडला, अर्धा माझ्या तळहातावर ठेवला, माझी बोटं मिटवली आणि कानात म्हणाली, "घ्या मावशी. हे चांगल्यांसाठी नसतंय." मी खाल्लं. बाहेर आले तेव्हा ऊन तेच होतं, रस्ता तोच होता, पण छातीवरचा दगड नव्हता. येशूनं मला माफ केलं हे मला कळलं, जसं भूक लागलेली कळते तसं. कुणी समजावून सांगितलं नाही. ही गोष्ट सहा वर्षं मी पोटात ठेवली. पोटच्या पोरीलाही सांगितली नाही.

तर मी भिंतीकडे बघत पडले होते आणि प्रार्थना करत होते. प्रार्थना अशी, की प्रभू, हिला समजावायला कुणाला तरी पाठव. शिकलेलं कुणी पाठव. अर्धा तास गेला. कुणी आलं नाही. मागून सुंदराबाई बोलायला लागली. माझ्याशी नाही, छताशी. "ह्योच पाय," ती म्हणाली. "ह्याच पायानं लाथ घातली व्हती म्या रेखाला. पोटुशी व्हती. लेकरू गेलं. सडू दे आता. जितकं केलं तितकं भोगून जाऊ दे."

मी वळले. चहा ओतायचा म्हणून रेखा खालच्या पाणपोईकडे कप विसळायला गेली होती. सुंदराबाईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. हिशोब ठरलेल्या माणसासारखी ती शांत होती, आणि त्या शांतपणाची मला भीती वाटली, कारण तो मी ओळखत होते. पायाची भीती नव्हतीच तिला. तिला फेडायचं होतं. इथं गप्प बसले असते तर मी दुसऱ्यांदा पुढच्या आठवड्यावर टाकलं असतं.

मंडळीतला शब्द होता तोच तोंडातून गेला. "सुंदराबाई, माझं तारण झालंय."

तिनं मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "कशाचं? काय तारण ठिवलं व्हतं? पाटल्या?"

मला हसू आलं आणि टाके असे ओढले की डोळ्यांतून पाणी निघालं. पापातून सुटका, या अर्थानं साठ-सत्तर वर्षं हा शब्द मी गाण्यात म्हणत आले. बाहेरच्या माणसाला तारण म्हणजे सोनाराकडं, बँकेत ठेवलेला दागिना, हे कधी डोक्यातच आलं नाही. सांगायला गेले काय, ती समजली काय. दुरुस्त करणार होते, आणि तेवढ्यात मला वाटलं, दुरुस्त कशाला करायचं? बरोबरच विचारलं तिनं.

"पाटल्या नव्हत्या," मी म्हणाले. "मीच अडकून पडले होते."

"आन् सोडवलं कुनी?"

"ज्याचं मी काहीच केलं नव्हतं, त्यानं."

"कामून?"

ह्या कामूनचं उत्तर मला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून मी फक्त घडलेलं सांगितलं. यंत्र, नऊ वर्षं, पुढचा आठवडा, ताट, अर्धा तुकडा. येशूचं नाव घेताना आवाज अडखळेल असं वाटलं होतं. नाही अडखळला. म्हणाले, फेडता येण्यासारखं नव्हतं म्हणून त्यानं आपला जीव देऊन सोडवलं. तू पाय सडवून फेडायला बघतेस, मी न जेवता फेडायला बघत होते. असं फिटत नाही ग. ती मध्येच म्हणाली, "तुमचा देव लई सवंग दिसतोय, फुकाट सोडायलाय." मी म्हणाले, "मला फुकट. त्याला नाही."

मग तिनं विचारलं, "बहिनीनं माफ केलं का पर?"

खोटं सांगावंसं वाटलं. पण साक्षीदारानं खोटं बोलू नये एवढं मला चौथीच्या शाळेतही कळत होतं. "ठाऊक नाही," मी म्हणाले. "ती मेली. तिला विचारायची वेळ मी घालवली. तुझी रेखा तर कप विसळून येतेय, ती बघ."

रेखा आली. सुंदराबाईनं तिला खाटेवर बसायला सांगितलं. ती बसली नाही. खाटेवर सासूसमोर बसायची तिला सवय नव्हती. सुंदराबाई म्हणाली, "रेखे, ती लाथ." एवढंच. रेखानं आधी थर्मासचं झाकण फिरवून काढलं, आणि ते बरं झालं. पटकन दिलेली माफी मला खरी वाटली नसती. तिनं चहा ओतला, फुंकर घातली, कप सासूच्या ओठाला लावला आणि म्हणाली, "आत्या, मला ते इसरता येत न्हाय. येनारबी न्हाय. पर म्या हितं का तुमचं मरन बघाया थांबलेय व्हय? अंगठा द्या आधी. भांडायला मानूस तर पायजे घरात."

सुंदराबाईनं काखेतून हात बाहेर काढला. मुठी इतक्या आवळल्या होत्या की नखं तळव्यात रुतली होती. रेखानं एकेक बोट सोडवलं. मी बघत होते आणि मला खेड्यातली ती बाई आठवत होती. तिनं माझी बोटं मिटवली होती, इथं उघडली जात होती.

डॉक्टरबाई आली तेव्हा सुंदराबाई म्हणाली, "बाई, पायाच्या अंगठ्याचा ठसा चालंल का? न्हाईतरी तुमी तो नेनारच हायसा." पोरगी आधी घाबरली, मग हसली. डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा घेतला. ट्रॉली आली तशी सुंदराबाईनं माझा पदर धरला. "तुझ्या त्याला सांग माझं." मी म्हणाले, "तूच सांग. ऐकतो तो." ती म्हणाली, "मला वळख न्हाय त्याची." मग मी तिचा हात धरला आणि सगळ्या वॉर्डासमोर, मोठ्यानं, माझ्या मोडक्या शब्दांत प्रार्थना केली. समोरच्या खाटेवरची बाई पदर सावरून उठून बसली. कुणी हसलं नाही. हसलं असतं तरी मी थांबले नसते, हे मला तेव्हाच समजलं.

मी काही मोठं केलं नाही. मला कुणी शिकलेलं माणूस पाठव म्हणून मागत होते आणि त्यानं मलाच वापरलं, तेही एका चुकीच्या समजलेल्या शब्दातून. इतकी वर्षं मला वाटायचं, आधी धीर येईल मग बोलेन. धीर आधी येत नाही. आपण आपल्याला त्याच्या हातात टाकून तोंड उघडायचं, धीर मागून चालत येतो. घरी आल्यावर पहिल्याच रविवारी मी साक्षीला उभी राहिले. पाच-सहा वाक्यं बोलले आणि बसले. पाळकसाहेबांनी विचारलं, घसा बरा झाला का? म्हटलं, झाला.

सुंदराबाई अजून आपल्या देवाला, बिरोबालाच जाते, आणि फोन केला की तुझ्या त्यालाबी सांग म्हणते. मी सांगते. तिच्या आत काय झालं ते तिचं आणि त्याचं. मी सांगायचं काम केलं, बाकीचं माझ्याकडे नव्हतंच. आता ती कुबडी घेऊन मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाशी बसते, कोकरं आत घेते आणि रेखाशी रोज भांडते.

पाय गेला. त्या वॉर्डातून सुंदराबाई जिवंत बाहेर आली, आणि मीही.