तीन नंबरची ओल

अप्पा मिस्त्री गाडी डोळे मिटून बघायचे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, हाताला काळं ऑइल. गाडी आली की हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर चालू इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. तेवढ्या वेळात कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. मग समोर गिऱ्हाईक असो, शेजारचा टायरवाला असो की चहा घेऊन आलेली त्यांची बायको असो. "गप बसा, ती बोलायलीय," एवढंच म्हणायचे. ती म्हणजे गाडी.

अप्पा जाऊन आता वर्ष होईल. लातुरात मी दहा वर्षं मास्तरकी केली आणि त्या दहा वर्षांत माझ्या गाडीला दुसऱ्या कोणाचा हात लागला नाही. त्यांच्याविषयी लिहायचं तर मी केलेली एक गोष्टही लिहावी लागते, म्हणून इतके दिवस टाळलं.

मालकाने सांगितलेल्या तक्रारीवर अप्पांचा विश्वास नसे. ती ते सगळ्यात शेवटी ऐकायचे. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, "गाडीला अब्रूची पडलेली नसती, म्हणून ती खरं सांगती. मालकाचं तसं न्हाई." मी हसलो होतो. ते माझ्याबद्दल असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

एका उन्हाळ्यात मी गाडीचं बॉनेट बदलून घेतलं. नव्या बॉनेटला वरून माशाच्या कल्ल्यांसारख्या फटी होत्या. आपल्याकडच्या उन्हात इंजिन थंड राहील असं विकणाऱ्याने सांगितलं, पण खरं म्हणजे मला ते रुबाबदार वाटलं होतं. पावसाळा लागला आणि गाडी मिसिंग मारू लागली. पाऊस आला की धक्के खायची, ऊन पडलं की सुतासारखी सरळ. दोन ठिकाणी दाखवून झालं, प्लग बदलून झाले. शेवटी अप्पांकडे नेली, तर त्यांनी फटींकडे नुसतं बघितलं आणि बायकोला हाक मारून देवघरातलं गळतीचं भांडं मागवलं.

महादेवाच्या पिंडीवर थेंबथेंब पाणी पडावं म्हणून बुडाला भोक असलेलं तांब्याचं भांडं टांगतात, ते हे. अप्पांनी ते इंजिन उचलायच्या चेनच्या हुकाला अडकवून बॉनेटवर सोडलं, इंजिन चालू केलं आणि स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून बसले. थेंब फटीतून आत जात होते. चार-पाच मिनिटांत इंजिन अडखळलं. "तीन नंबर," अप्पा डोळे न उघडता म्हणाले. तिसऱ्या सिलिंडरवरची कॉइल उपसली, तर खाली प्लगच्या खळग्यात पाणी साठलेलं.

"सर, माळवदाला उजेडासाठी साणं ठेवतो आपण," ते म्हणाले, "पण पाऊस आला की त्यावर परात पालथी घालतो. तुम्ही साणीच साणी ठेवलीव, परात इसरलाव."

मग त्यांनी पत्रा कापून फटींखाली बसेल अशी उथळ परात केली आणि तिला एका बाजूला पन्हळ काढली. चार स्क्रूवर ती बॉनेटला आतून बसली. वरचं पाणी पन्हळीतून बाजूला जायचं. उन्हाळ्यात काढा, मृग लागायच्या आत घाला, एवढीच ताकीद होती. देवाचं भांडं गाडीवर लावलं म्हणून त्यांची बायको दोन दिवस बोलत नव्हती. पण पुढे तिनेच तसंच दुसरं भांडं गॅरेजसाठी आणून दिलं.

माझी बदली नांदेडला झाली. तीन वर्षं मी परात वेळेवर घातली. चौथ्या वर्षी विसरलो. ती डिकीत पोत्यात गुंडाळलेली होती आणि मी थोरली ताई, दाजी यांना घेऊन त्यांच्याच मुलीच्या साखरपुड्यासाठी लातूरला निघालो होतो. भाची इतर पाहुण्यांबरोबर आधीच पुढे गेली होती. अहमदपूरच्या पुढे पावसाने गाठलं. गाडी आधी धक्के देऊ लागली, मग उभीच राहिली. तास-दीड तास आम्ही काचा लावून बसलो. ताई रडायच्या बेतात होती. दाजी म्हणाले, "तुझ्या त्या लातूरच्या मिस्त्रीने काय केलंय गाडीचं?" चूक माझी आहे एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "कुणास ठाऊक. विचारतो त्याला."

पाऊस थांबल्यावर गाडी कशीबशी चालू झाली. पोचलो तेव्हा साखर वाटून झाली होती. आईबापांशिवाय पोरीच्या बोटात अंगठी गेली. ताईने मला दोष दिला नाही. तिने अप्पांना दिला आणि मी देऊ दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी उठायच्या आत मी डिकीतली परात काढून बॉनेटला बसवली आणि चारही स्क्रू घट्ट केले. मग दाजींसोबत गाडी अप्पांकडे नेली. त्यांनी कान लावला, नेहमीपेक्षा जास्त वेळ. म्हणाले, "तीन नंबर ओला वाटतोय." बॉनेट उचललं तर परात जागेवर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सर, परात काल व्हती?"

"होती."

त्यांनी गळती लावली. भांडं चार वेळा भरलं आणि चार वेळा रिकामं झालं. इंजिन अडखळलं नाही. कॉइल उपसून बघायचं ते विसरले की माझ्या एका शब्दावर त्यांनी बघितलं नाही, हे मी पुढे कितीदा तरी मनात उगाळलं. मालकाचं शेवटी ऐकणाऱ्या माणसाने त्या दिवशी माझं आधी ऐकलं. दाजी म्हणाले, "वय झालं अप्पा तुमचं. आता मशीन लावून तपासतात."  अप्पांनी स्क्रू-ड्रायव्हर पुसून खिळ्याला अडकवला.

तो तिथेच राहिला, हे मला दोन वर्षांनी कळलं. दाजी लातूरजवळच्या मुरुडच्या एका लग्नात हसत सांगत होते की तो कानवाला म्हातारा आता कान लावतच नाही, पेट्रोलची गाडी आली की पुढच्या चौकात मशीनवाल्याकडे पाठवतो.  ताटावरून उठून मी लातूरला गेलो.

अप्पा बाजेवर बसून ट्रॅक्टरचा फिल्टर धूत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डिकी, पोतं, सकाळचे चार स्क्रू, सगळं. वाटलं होतं शिवी देतील. त्यांनी फिल्टर खाली ठेवला.

"म्हंजी परात नव्हती."

"नव्हती."

"मग मी तीन नंबर म्हणलो ते..."

"बरोबर होतं, अप्पा. तुमचं बरोबर होतं."

ते माझ्यावर रागवायचं विसरूनच गेले. घराकडे तोंड करून त्यांनी बायकोला हाक मारली, "अगं ऐकलंस का, कान गेला नव्हता माझा!" ती बाहेर आली. सगळं ऐकून तिने माझ्याकडे असं पाहिलं की ते मी कागदावर उतरवू शकत नाही. माझ्या अपराधाच्या हिशेबाने वागली ती एकटी तीच. अप्पांनी माझ्याकडून एकच गोष्ट मागितली, "दाजींस्नी बी सांगा." मी तिथूनच फोन लावला आणि त्यांच्यासमोर सांगितलं. दाजी आधी हसले, मग म्हणाले की ताईला तू स्वतः सांग. तेही सांगितलं. ते जास्त जड गेलं.

फोन ठेवला तोवर अप्पांनी खिळ्यावरचा स्क्रू-ड्रायव्हर काढून धोतराला पुसला होता. "चालू करा गाडी," ते म्हणाले. मी चालू केली. त्यांनी मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.  दोन वर्षांत तो कान खरोखरच किती उरला होता, हे मला आजही माहीत नाही. मी पुन्हा माफी मागायला लागलो.

"गप बसा सर," अप्पा म्हणाले. "ती काय सांगती ते ऐकू द्या."