नव्या कपातला चहा

आमच्या लोखंडी पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली दोन-दोन विटा होत्या. कुणी विचारलं की मी सांगायचो, मुंग्या चढतात. मुंग्या उशाकडूनच का चढतात, असं पुढे कुणी विचारलं नाही हे माझं नशीब. खरी गोष्ट अशी होती की आडवा झालो की पोटातलं आंबट पाणी गळ्याशी यायचं आणि छाती जळायची. डॉक्टरांनी खडूच्या पाण्यासारखं काहीतरी पाजून एक्स-रे काढले आणि फर्मान सोडलं: तिखट बंद, चहा बंद, जेवल्यावर दोन तास आडवं व्हायचं नाही, छाती जळली की थंड दूध, आणि पलंगाला विटा. वर एक पांढरं, घट्ट औषध दिलं. त्याची बाटली मी डब्याच्या पिशवीत टॉवेलात गुंडाळून कचेरीत न्यायचो.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझं वय तेव्हा चौतीस. आमच्या नागपुरात जन्मून तिखट सोसत नाही म्हणायचं म्हणजे चारचौघांत हसं करून घ्यायचं, आणि मला हसण्यावारी नेलेलं कधीच खपत नाही. डब्यात बिनतिखटाची भाजी निघाली की मी बायकोवर ढकलायचो: काय करणार, मिरची घालायची विसरते. ती बिचारी माझ्यासाठी वेगळी भाजी करत होती आणि मी तिला कचेरीभर विसराळू करून ठेवलं होतं.

समोरच्या टेबलावर माझ्याच वयाचा एक कारकून बसायचा. बौद्ध घरातला. त्याच्या आईनं बिड्या वळून त्याला शिकवलं होतं. आम्ही दुपारी शेजारी बसून डबा खायचो, आपापला. माझ्यातलं लोणचं मी त्याला द्यायचो. त्याच्यातलं काही घ्यायची वेळ माझ्यावर कधी आली नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगत असे.

त्या उन्हाळ्यात गांधीबागेत माझ्या साळ्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. जेवायला पाटोडीचा रस्सा होता, बेसनाच्या वड्या आणि वर बोटभर लाल तर्री. सासरे स्वतः वाढत होते. नाही कसं म्हणणार? दोन वाट्या रिचवल्या. मग छातीत भट्टी पेटली, तेव्हा हळूच स्वयंपाकघरात गेलो आणि सासूबाईंना म्हणालो, "उष्णता झाली वाटतं, थोडं थंड दूध मिळेल का?" त्यांनी काही न विचारता पेला भरून दिला. सोमवारी कचेरीत मी त्या दोन वाट्यांचीच फुशारकी मारली. दुधाचं कशाला सांगतो!

त्यानंतर दोनच आठवड्यांनी समोरच्या टेबलावरच्या माझ्या या मित्रानं मला रविवारी जेवायला बोलावलं. त्यानं इंदोरा वस्तीच्या पुढे दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. "ऑफिसातून फक्त तुलेच सांगतलं गा," तो म्हणाला. मला बरं वाटलं. हो म्हणालो. दोन घास खायचे, बाकीचं आग्रहात निभावून न्यायचं, असा माझा बेत होता.

पण त्या दोन वाट्यांनी पोटाची पार वाट लावून ठेवली होती. रविवारी सकाळी साधा भातसुद्धा उतरला नाही. तरी सायकल काढली आणि गेलो. भिंतींच्या नव्या चुन्याचा वास येत होता. त्याच्या आईनं पाट मांडला होता, ताट वाढून आणलं, आणि ताटात पाटोडीचा रस्सा.

"तुमाले पाटोडी आवडते म्हने," ती हसत म्हणाली. "माह्या पोरानं सांगतलं. सकाळपासून थापत बसली होती मी."

तर्रीचा वास आला. मी म्हणालो, "आई, आज माझा उपास आहे."

मित्र माझ्याकडे बघतच राहिला. जेवायला येतो म्हणून मीच सांगितलं होतं. आई मात्र लगबगीनं ताट उचलून आत घेऊन गेली.

"मंग चहा घ्या," ती आतूनच म्हणाली. "उपासाले चहा चालते. पहिले मीबी करत होती ना उपास."

"नको, चहा नको," मी म्हणालो.

ती तरी घेऊन आलीच. कपबशी माझ्यापुढे धरली, थोडी घुटमळली, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "कप नवा होय भाऊ. आजच काढला. कोनीच नाही पेलं यातून."

ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी घाईघाईनं कप घेतला, तोंडाजवळ नेला, आणि नेमकं तेव्हाच आंबट पाणी उसळून तोंडभर आलं. कप खाली ठेवून मी बाहेर धावलो आणि अंगणात थुंकलो. वळून पाहतो तर ती दारात उभी. मी थुंकलो होतो त्या जागेकडे ती बघत होती. रागानं नाही. हे आपण पूर्वी पाहिलेलं आहे, अशा नजरेनं.

पोट बिघडलंय, एवढे दोन शब्द बोललो असतो तर भागलं असतं. पण त्या घडीलाही मला माझ्या पोटाचीच लाज वाटत होती. रुमालानं तोंड पुसलं, "निघतो" म्हणालो आणि सायकलवर टांग मारली. मित्र फाटकापर्यंतसुद्धा आला नाही.

सोमवारपासून तो डबा घेऊन खिडकीपाशी बसायला लागला. भांडण नाही, तंडण नाही. फाईल मागितली की द्यायचा. पंधरा दिवस मी ते सोसलं आणि सोळाव्या दिवशी दुपारी सगळ्यांच्या देखत औषधाची बाटली त्याच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"हे पोटाचं औषध आहे," मी म्हणालो. "दोन वर्षांपासून घेतो. तिखट चालत नाही मला, चहाही चालत नाही. उपास नव्हता त्या दिवशी."

त्यानं बाटलीवरची चिठ्ठी नीट वाचली. "साक्षगंधात तर दोन वाट्या खाल्ल्या तू."

"खाल्ल्या आणि भोगल्या. दूध मागून घ्यावं लागलं सासूबाईंकडे."

त्यानं चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मग बाटली माझ्याकडे सरकवत म्हणाला, "आईले सांगतो मी."

त्या रात्री मी सुटल्यासारखा झोपलो. दुसऱ्या दिवशी डबा खायच्या वेळी तो आपला डबा घेऊन माझ्या टेबलाशी आला. चेहरा निवळलेला होता.

"सांगतलं आईले," तो म्हणाला. "लई हळहळली. म्हने, बिचाऱ्याले किती तरास."

"आणि?"

"अन् म्हने, दूध तर होतं घरात. मंग दूध काहून नाही मांगितलं?"

तो टोमणा मारत नव्हता. त्याला संध्याकाळी घरी जाऊन आईला उत्तर सांगायचं होतं, म्हणून तो विचारत होता. सासुरवाडीला मी दूध मागितलं होतं, शेजाऱ्यांकडे मागितलं होतं, कचेरीसमोरच्या हॉटेलातही किती वेळा मागितलं होतं. त्या घरात ते माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. कपात दूध घातलेला चहा माझ्या नाकाशी होता, तरी नाही.

"सुचलं नाही," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला आणि डबा घेऊन खिडकीपाशी गेला.