मी न लिहिलेलं आठवं नाव

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची आजवर मीच टिंगल करत आलो. पण गेलं वर्षभर ऑफिसात काय, लहरीपुऱ्यात पानाच्या दुकानावर काय... जो तो मला खोटारडा ठरवतोय. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

सरकारी बांधकामाच्या ऑफिसात माझं काम अक्षरं आखायचं. दगडावर मी गेरूने लिहायचं, पाथरवटाने त्यावरून छिन्नी चालवायची. महायुद्ध संपल्यावर बाजव्यापलीकडच्या एका खेड्यात, जुन्या कचेरीच्या दर्शनी भिंतीत, लढाईत गेलेल्या शिपायांची शिला बसवायची ठरली. लिस्टमध्ये नावं सात. संध्याकाळपर्यंत मी सातही लिहिली. सात! दोनदा मोजली.

आवरत होतो तेवढ्यात एक कुंभारीण आली. गुजरातीत म्हणाली, "भाई, आमच्या छगनच्या बापाचंही लिहा ना. लढाईत बसऱ्याला फौजेची खेचरं हाकायला गेले, ते तिकडेच राहिले."

"नाव काय?"

बाई पदर ओढून गप्प. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही ना!

"अहो बेन, नावच सांगणार नाही तर लिहू काय, कपाळ?" मी खेकसलो. "आणि लिस्ट शिपायांची आहे, खेचरवाल्यांची नाही. जा!"

गेली बिचारी.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो, तर शिलेवर आठ ओळी! आठवी तर कोरूनही झालेली — 'भवान कुबेर, खेचरवाला'. अक्षर माझं. 'र'चं ते लांब शेपूट सगळं ऑफिस ओळखतं.

"अरे, हे कुणी लिहिलं?"

"तुम्हीच की, साहेब," पाथरवट म्हणाला. "मला कुठे वाचता येतं? गेरू दिसला, कोरला."

गावात विचारलं, तर त्या बाईच्या नवऱ्याला सगळे नुसतं भगत म्हणायचे. खरं नाव शोधायला तलाठ्याला जुनं दप्तर सोडून बघावं लागलं. निघालं... तेच!

ओव्हरसियर भडकलाच. "परस्पर नाव घुसडता? काय दिलं त्या बाईने?"

वा रे वा! घुसडलं असतं तर छाती ठोकून सांगितलं असतं! आणि खेचरं हाकता हाकता मेला, म्हणजे काय कमी मेला तो? हे मी तोंडावर बोललो. तेव्हापासून मला जुन्या नकाशांच्या कोठीत धूळ खात बसवलंय. दगड बदलायला मात्र कुणी धजावलं नाही, म्हणून नाव राहिलं.

शिला बसवली त्या दिवशी बाई आली होती. शाळामास्तरांनी नावं मोठ्याने वाचली. आठवं ऐकताच तिने पदर पुढे ओढला, हुंदके देत माझ्यापाशी आली आणि सगळ्या गावादेखत माझ्या पायाशी वाकली. "भाई, तुमचे उपकार..."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऑफिस म्हणतं मी लबाड, बाई म्हणते मी देवमाणूस. अहो, मी तिला हाकलून दिलं होतं! ती ओळ कुणी लिहिली ते मला आजही कळलेलं नाही. मी लिहिली नाही... आणि लिहायला हवी होती.